पन्नासावा शास्त्रज्ञ

“सावली पाडू नका!”

मी दचकून मागे सरकले. माजलगावच्या धरणातून निघालेल्या कालव्यावरचा तो लहानसा पूल. खाली, कालवा पाझरून साचलेल्या डबक्यात, एक माणूस गुडघाभर पाण्यात उभा होता. पँट दुमडलेली, एक बाही चिखलानं माखलेली, हातात लांब दांड्याची पांढरी पळी. मी वरून वाकून त्याला एवढंच विचारलं होतं, की डॉक्टर अजिनाथ गर्जे कुठे भेटतील?

“सावली पडली की अळ्या तळाला जातात,” वर न बघता तो म्हणाला. “आता थांबा पाच मिनिटं. त्या वर येईपर्यंत.”

थांबले. भाद्रपदातलं चिकट ऊन, उसाच्या फडातून येणारा ओला गोडसर वास. तो पळी तिरकी बुडवायचा, उचलायचा आणि तिच्यातल्या गढूळ पाण्याकडे इतक्या मायेनं बघायचा, की मलाच अवघडल्यासारखं झालं.

“गर्जे सर—”

“हं.”

“कुठे भेटतील?”

“भेटले की.”

माझं डोकंच फिरलं. या माणसाला मी सात ईमेल पाठवले होते. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात चार वेळा फोन केला होता आणि चारही वेळा ‘सर कालव्यावर गेलेत’ हे ऐकलं होतं. मला वाटलं, टाळायची पद्धत असेल. आणि हा खरंच कालव्यावर!

“मी सत्यशीला. पीएचडी करते. तुम्हाला माझी प्रश्नावली—”

“ती डासांची?” त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. उन्हानं रापलेला चेहरा, आणि डोळे मात्र नुकतेच धुतल्यासारखे. “बावीस प्रश्नवाली? वाचली मी.”

“मग भरली का नाही?”

“उत्तरं येत नव्हती.”

आता हे मी कुठे लिहिणार होते? जनुक बदललेले डास हवेत सोडून हिवताप आटोक्यात आणावा का, याबद्दल शास्त्रज्ञांना काय वाटतं, हा माझ्या पीएचडीचा विषय. पन्नास शास्त्रज्ञ हवे होते, एकोणपन्नास झाले होते. त्या एकोणपन्नासांनी माझा आधीच भुगा केला होता. एकानं बावीसही प्रश्नांना ‘तटस्थ’वर खूण केली. एकानं प्रत्येक उत्तरापुढे ‘अधिक संशोधनाची गरज आहे’ लिहिलं. एका ज्येष्ठ सरांनी आधी बाकीच्यांनी काय भरलंय ते दाखवा म्हणून आग्रह धरला, म्हणजे त्यांना त्याप्रमाणे भरता आलं असतं. आणि महिनाअखेर प्रबंधाचा मसुदा द्यायचा होता.

“सर, नुसत्या खुणा करायच्यात. वीस मिनिटं लागतात.”

“मग उद्या सकाळी सहाला निंबाच्या वस्तीवर या. मनकर्णामावशीच्या गोठ्यात. मी काम करतो, तुम्ही विचारा.”

“गोठ्यात?”

“डास काय ऑफिसात बसतात?”

आणि तो परत पळीत बघायला लागला.

मी माजलगावात सत्यभामाआत्याकडे उतरले होते. आत्याला वाटलं, एका रात्रीचा मुक्काम. मलाही तसंच वाटलं होतं.

सकाळी सहाला गोठ्यात पाच म्हशी, एक रेडकू आणि अजिनाथ गर्जे. मेंढ्या पलीकडच्या वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, बें-बें करत होत्या. तो भिंतीवर बॅटरीचा उजेड टाकत होता आणि तोंडात एक नळी धरून, श्वास हलकेच ओढून, भिंतीवर बसलेला एकेक डास काचेच्या नळकांड्यात घेत होता.

मी फॉर्म काढला. “विधान पहिलं. जनुक बदललेले डास हा हिवताप रोखण्याचा प्रभावी मार्ग ठरू शकतो. पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत?”

“म्म्म.”

“म्हणजे सहमत?”

“म्म्म्म!”

त्यानं नळी तोंडातून काढली. “बोललो असतो तर डास घशात गेला असता ना. कोणता डास?”

“अं?”

“प्रश्नातला. कोणत्या जातीचा? कुठं सोडणार? इथला, गोठ्यात बसणारा, का शहरातल्या टाकीतला?”

“सर, असं काही नाही त्यात. साधारण डास.”

“साधारण डास आजपर्यंत मला दिसला न्हाई.” त्यानं माझा हात मनगटाशी धरून बॅटरीचा उजेड भिंतीवर नीट वळवला आणि लगेच सोडला. “हा बघा. शेपूट वर करून तिरका बसलाय. हिवतापाचा. त्याच्या बाजूचा सपाट बसलाय, तो नुसताच चावरा.”

मी बघितलं. खरं तर मनगटच आठवत राहिलं, आणि त्याचाही राग आला.

तेवढ्यात मनकर्णामावशी चहा घेऊन आल्या. साठीच्या, नाकात मोठी नथणी, डोक्यावरचा पदर कानामागे खोचलेला. “पोरी, ह्यो सरळ जाब देत न्हाई. दोन वर्सं झाली येतोय, अजून साखर कमी टाकू का जादा, ते सांगितलं न्हाई यानं.”

“दुधावर असतं ते, मावशी,” तो म्हणाला.

माझ्या चहात एक डास पडला. मी चिमटीनं काढला, तळहातावर घेतला आणि काही सुचलं नाही म्हणून विचारलं, “ही मादी आहे का?”

त्यानं हातातलं नळकांडं खाली ठेवलं. नुसता बघत राहिला... डासाकडे नाही.

पहिल्या दिवशी एक प्रश्न झाला. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी एकच, कारण रेडकानं दाव्याला हिसडा दिला आणि नळकांडं फुटून सतरा डास उडाले. आत्या रोज विचारायची, “झालं का गं?” मी रोज म्हणायची, “उद्या.” शेवटी तिनं विचारणं सोडून दिलं आणि नुसतं हसायला सुरुवात केली. ते अजूनच वाईट.

“बाकीच्यांनी काय सांगितलं?” चौथ्या दिवशी त्यानं विचारलं.

“नावं सांगता येत नाहीत.”

“नावं नको.”

“प्रयोगशाळेत बसणारे उत्साही आहेत. गावोगाव हिंडणारे बिचकतात. जवळपास सगळे म्हणतात, संशोधन व्हावं. आणि त्यातले निम्मे म्हणतात, सोडायचे तर दुसऱ्या जिल्ह्यात सोडा.”

तो एवढ्या मोठ्यानं हसला, की म्हशीनं मान वळवली.

“आणि तुमचं?”

“माझं काय?”

“मत.”

“संशोधकाला मत नसतं. असलं तर उत्तरांवर परिणाम होतो.”

“नाव सत्यशीला, आन् मत लपवून ठेवता?”

“नाव आजोबांनी ठेवलंय. त्यांना जाऊन विचारा.” मी फॉर्म पुढे धरला. “विधान पाचवं. असे डास सोडण्याआधी त्या भागातल्या लोकांची संमती घ्यावी.”

मला वाटलं, परत ‘कोणते लोक, कोणती संमती’ सुरू होईल. पण त्यानं नळी खिशात ठेवली.

“बंगळुरूला तीन वर्षं मी याच कामावर होतो,” तो म्हणाला. “नर डासाचं जनुक बदलायचं. नर चावत न्हाई. पण त्याच्यापासून झालेल्या माद्यांच्या अंगात हिवतापाचा जंतू वाढत न्हाई. सुंदर काम होतं... खरंच सांगतो. एकदा बैठकीत मी विचारलं, ज्यांच्या गावात सोडायचे त्यांना कधी सांगायचं? तर साहेब म्हणाले, लोकांना विचारत बसलो, तर उद्या डासांचीही संमती घ्यावी लागेल. सगळे हसले. मी पण हसलो.” त्यानं बॅटरी विझवली. “ते हसू लई दिवस गेलं न्हाई डोक्यातून. म्हणून आलो इकडं. म्हणलं, डास आधी नीट ओळखू. आन् माणसं.”

मी लिहायचं विसरले. त्या सकाळी निघताना एवढी गडबडले होते, की एक कोरा फॉर्म गव्हाणीवर तसाच राहिला.

पाचव्या दिवशी आम्ही दोघं वस्तीवर गेलो, तर गोठ्याच्या तोंडाला बाज आडवी लावलेली. मनकर्णामावशींचे दीर आप्पाराव तिच्यावर बसले होते, काठी मांडीवर. बाजूला त्यांचा मुलगा बजरंग, जो डेअरीची गाडी चालवतो. त्याच्या हातात माझा फॉर्म.

“वाच बे,” आप्पाराव म्हणाले.

बजरंगनं अडखळत वाचलं. “‘जनुक बदललेले डास आपल्या कार्यक्षेत्रात सोडण्यास माझी हरकत नाही.’”

“डाक्टर,” आप्पाराव शांतपणे म्हणाले, “दोन वर्सं तुमी आमच्या गोठ्यात येता. डास धरता म्हणता. खरं सांगा. धरता का सोडता?”

“आप्पा, मी कशाला—”

“घरात आमची सून, संगीता, तापानं फणफणलीय. एक दिस आड हुडहुडी भरती. केसरबाई रगत तपासायला आल्ती, तिला बी माघारी लावली आमी. तुमी सगळे एकच हाव.”

अजिनाथचा चेहरा पांढरा पडला. गोठा बंद झाला म्हणून नव्हे, हे मला लगेच कळलं. संगीतावहिनीचं रक्त तपासलं नाही, म्हणून.

तो समजावू लागला. जनुक म्हणजे काय, नर म्हणजे काय, परवानग्या किती लागतात... प्रत्येक वाक्याला ‘पण’ आणि ‘सहसा’. जितका खरं बोलत होता, तितका खोटा वाटत होता. बजरंगनं बाज अजून पुढं ओढली.

फाट्यापर्यंत आम्ही चालत आलो. बारीक पाऊस सुरू झाला होता. चिंचेखाली थांबलो आणि तिथं तो उसळला.

“एक कागूद उचलता येत न्हाई? दोन वर्सं लागली मला त्या गोठ्यात पाय ठेवायला!”

“आन् तुमी पहिल्याच दिवशी खुणा केल्या असत्या तर मी पाच दिवस कशाला आले असते गोठ्यात?”

“मी बोलीवलं न्हवतं!”

“बोलावलंत! सहा वाजता, मनकर्णामावशीच्या गोठ्यात! मला काय हौस होती शेणात उभं राहायची?”

“मंग जा की! ती बस आली. एकोणपन्नास हायेत ना, लई झाले!”

“जाते!”

बस खरंच आली. दार उघडलं. कंडक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी हलले नाही. दार लागलं, बस गेली. मी वळले आणि चिखल तुडवत परत वस्तीकडे निघाले. तो मागून काहीतरी म्हणाला, ते मी ऐकलं नाही. ऐकायचंच नव्हतं.

आप्पाराव अजून बाजेवरच होते. मनकर्णामावशी चुलीपुढं. आतून संगीतावहिनीचं कण्हणं येत होतं.

“तो कागद माझा आहे,” मी म्हणाले. “सरांचा न्हाई. मी घाटनांदूरची. मास्तरांची पोरगी. मी शास्त्रज्ञांना विचारत हिंडते, की असले डास सोडावेत का. अजून आपल्याकडं कुणी सोडलेले न्हाईत. सर तर नुसते मोजतात, कोणत्या महिन्यात कोणत्या गोठ्यात किती. म्हणजे फवारणी कधी करायची ते कळतं.”

“शास्त्रज्ञांना इचारती,” मनकर्णामावशी म्हणाल्या. “आमाला कावून न्हाई इचारलं?”

मी चेहऱ्यावरचा पाऊस पुसत राहिले. त्यांनी जाळ पुढं सारला आणि माझ्याकडं नीट बघितलं.

“बरं, त्ये ऱ्हाऊ दे. तुला काय वाटतं? सोडावं का न्हाई?”

चार वर्षं मी हा प्रश्न दुसऱ्यांना विचारत होते. कागदावर माझ्यासाठी चौकोन नव्हता. बाजेवर आप्पाराव, दारात बजरंग, आत ती तापलेली बाई.

“मला वाटतं... हे काम व्हावं,” मी म्हणाले. “प्रयोगशाळेत, बंद जाळीत, नीट व्हावं. कारण हिवताप वाईट. माझ्या धाकट्या चुलत्याला दोनदा झाला, माणूस अर्धा झाला. पण तुमच्या वस्तीवर सोडायचे म्हणले, तर आधी इथं येऊन, असं बसून, तुमाला सांगितल्याबिगर एक डास सुटू नये. आन् तुमी न्हाई म्हणलात, तर न्हाई.”

मावशी म्हणाल्या, “आमी मेंढ्यांच्या कळपात नवा एडका आणला तर आदी येगळा बांधतो. त्याचं खूर बगतो, नाक बगतो. बेणं वंगाळ निघालं तर इकून टाकतो. तुमचा डास वंगाळ निघाला, तर माघारी धरून आणता येतो का?”

“न्हाई येत, मावशी.”

हे मी बोलले नव्हते. अजिनाथ माझ्या मागे उभा होता. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला. कधी आला, कोण जाणे.

“सुटला की सुटला,” तो म्हणाला. “म्हणूनच भ्या वाटतंय मला.”

माझ्या एकोणपन्नासांपैकी कितीतरी जणांनी नेमकी हीच भीती जड इंग्रजीत पानभर लिहिली होती. मावशींनी ती एका एडक्यावरून सांगून टाकली. आणि ‘न्हाई येत’ हे त्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं सरळ उत्तर होतं.

आप्पारावांनी काठी भिंतीला टेकवली. “बजरंग, गाडी काढ. केसरबाईला घिऊन ये.”

केसरबाई ही तिथली आशाताई. आली ती कुरकुरतच, आदल्या दिवशी हाकललं होतं म्हणून. संगीतावहिनीच्या बोटाला टोचलं, रक्ताचा थेंब पट्टीवर टाकला. वीस मिनिटं. सगळे त्या पट्टीकडं बघत बसलो, म्हशीसुद्धा शांत. रेघ उमटली. हिवतापच, पण साधा, लवकर आटोक्यात येणारा. चौदा दिवस गोळ्या, एकही चुकवायची नाही. बजरंगनं ते दोनदा म्हणवून घेतलं. आणि संध्याकाळी मावशींनी बाज ओढून गोठ्याचं तोंड मोकळं केलं.

परतीच्या वाटेवर पाऊस थांबला होता. कालव्यात पाणी सोडलं होतं, त्याचा एकसारखा आवाज. पुलाच्या कठड्यावर बसून अजिनाथनं हात पुढे केला.

“द्या.”

“काय?”

“फॉर्म. पेन पण.”

आणि त्यानं भरला. पहिल्यापासून बावीसपर्यंत, एकदाही ‘कोणता डास’ न विचारता. मी मनगटावरच्या घड्याळात बघत होते, खरंच वीस मिनिटं लागली. त्याचे केस ओले होते, ओठ लिहिताना किंचित हलत होते. पंधराव्या प्रश्नाला तो कपाळ खाजवून एकटाच हसला... आणि तिथं मला विद्यापीठाचा एक नियम आठवला.

“हे घ्या. झाले पन्नास.”

मी फॉर्म घेतला. उभा धरला, आडवा धरला. इतके दिवस ज्याच्यासाठी शेण तुडवलं, तो कागद! मला स्वतःचा असा संताप आला म्हणून सांगू...

“चालणार नाही,” मी म्हणाले.

“काय?”

“फॉर्म. बाद करावा लागेल.”

“बाद? कावून? नीट वाचा. सगळं भरलंय! आयुष्यात पहिल्यांदा मी कशाला तरी ‘पूर्ण असहमत’ म्हणलोय, आन् तुमी—”

“नियम आहे. उत्तर देणाऱ्याशी संशोधकाचा वैयक्तिक संबंध असेल, तर ते उत्तर धरता येत नाही.”

“पण आपला कुठं काय संबंध—”

तो थांबला. मी कालव्याकडं बघत होते. कानशिलं तापली होती. हिवताप नव्हता, एवढं नक्की.

“तुमचा असेल नसेल,” मी म्हणाले. “माझा आहे. कधीपासून, ते विचारू नका. मला आधीच वैताग आलाय.”

त्यानं पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मग तो अगदी हळू म्हणाला, “माझा... त्या चहापासून. तुमी डास तळहातावर घेऊन ‘ही मादी आहे का’ म्हणलात ना. कुणी दुसरं असतं तर चहा फेकला असता.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

“तुमचे प्रश्न संपले असते ना. रोज एक-दोनच उरकत होतो.”

“मुद्दाम?” माझा आवाज चढला. “मी इथं मसुद्याच्या तारखेनं अर्धी झाले, आणि तुम्ही मुद्दाम—”

“रेडकू तेवढं मुद्दाम न्हवतं. आईशप्पत.”

अंबाजोगाईची, माझ्या गावाकडं जाणारी बस वळणावर दिसली. शेवटची. मी पिशवी उचलली, आणि तोही चिखलाच्या चपला झटकत माझ्या मागं चढला.

“तुम्ही कुठे?”

“घाटनांदूरला. मास्तरांना भेटायला.” बस खडखडत निघाली. तो माझ्या बाजूला बसला, सीटच्या अगदी कडेला. “पण त्यांच्या आधी तुला विचारायला पाहिजे. लग्न करशील का माझ्याशी?”

तो पहिल्यांदाच मला ‘तू’ म्हणाला होता. मी खिडकीबाहेर बघत म्हणाले, “हो.”

“काय?”

“हो म्हणलं.”

“ऐकू येत न्हाई! काच वाजतीय! न्हाई म्हणलीस का?”

“हो!” मी ओरडले. “हो, हो, हो! किती वेळा विचारता?”

अख्खी बस वळून बघायला लागली. कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन आमच्यापाशी आला, माझ्याकडे बघितलं, त्याच्या चिखलाकडे बघितलं.

“दोन का?” त्यानं विचारलं.

“दोन,” अजिनाथ म्हणाला.